गाडी काढायची की गाडी पकडायची?

शुक्रवारची संध्याकाळ झाली की आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, ‘मग, या शनिवार-रविवार कुठे?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘गाडीने जाणार का गाडीने?’ हसू नका! दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खरंच असं विचारतात, आणि आम्हाला सगळ्यांना ते बरोब्बर कळतं.

माझ्या आजीच्या तोंडी गाडी म्हणजे फक्त आगगाडी. दुसरी ती ‘मोटार’. आता उलटं झालंय. गाडी म्हटलं की दारातली, आणि रेल्वेची ती ‘ट्रेन’. क्रियापदांनी मात्र अजून जुना हिशेब सोडलेला नाही. घरची गाडी ‘काढतात’, स्टेशनातली ‘पकडतात’. फलाटावर गाडी ‘लागली’ की जीव भांड्यात पडतो, आणि घाटात पोराला गाडी ‘लागली’ की प्लॅस्टिकची पिशवी शोधताना आईचा जीव जातो.

तर काढायची की पकडायची, हा प्रश्न वरवर पेट्रोलचा नि तिकिटाचा वाटतो. मी गेली काही वर्षं दोन्ही करते आहे आणि मला तो पैशांचा कमी आणि ‘कुणाच्या सवडीने जायचं’ याचा जास्त वाटायला लागलाय. तुम्ही म्हणाल, हे मुंबईवाल्यांचे चोचले, आम्हाला काय त्याचं? पण मैत्रिणींनो, वाई असो, संगमनेर असो की बार्शी, हप्त्यावर घेतलेली एक चारचाकी आता तुमच्याही दारात उभी असतेच की. आणि तुमची लेक किंवा बहीण मुंबईत असेल, तर ती ‘येते गं पुढच्या रविवारी’ म्हणून का येत नाही, हेही कदाचित यातून कळेल.

आधी आमच्या अंधेरीचं भूगोल-पुराण थोडक्यात सांगते, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. अंधेरी पश्चिम रेल्वेवर. पुणे, नाशिक, कर्जत, माथेरान, कोकण हे सगळं मध्य रेल्वेच्या किंवा कोकण रेल्वेच्या बाजूला. म्हणजे सुट्टीला जिकडे जावंसं वाटतं, त्यातलं बहुतेक सगळं शहराच्या दुसऱ्या अंगाला! पूर्वी त्यासाठी दादरला उतरून पूल चढायचा, मुलाचा हात एका हातात, बॅग दुसऱ्या हातात, आणि पाठीमागून ढकलणारी गर्दी फुकट. नाहीतर बेस्टची बस पकडून साकीनाका, असल्फा करत घाटकोपर गाठायचं. त्या रस्त्यावर तासभर गेला तर कुणी हळहळत नसे.

८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि आमच्यापुरता महाराष्ट्राचा नकाशाच बदलला. अंधेरीहून घाटकोपर पंधरा-वीस मिनिटांत! पुढे जिना उतरलं की मध्य रेल्वेची लोकल. ठाणं, कल्याण, कर्जत, कसारा सगळं एका सरळ रेषेत आल्यासारखं झालं. ऑफिसला जाणाऱ्यांची सोय झाली वगैरे सगळे सांगतात, पण माझ्यासारखीचं माहेर जवळ आलं हे कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते.

माझं माहेर नाशिक रोडचं. वडील प्रेसमध्ये होते. नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचा आणि स्टॅम्पांचा छापखाना, आणखी काही सांगावं लागत नाही. ते गेले तेव्हापासून आई तिथे एकटी राहते. इकडे येऊन राहा म्हटलं की म्हणते, ‘तुमच्या सातव्या मजल्यावर मी बोलू कुणाशी? लिफ्टशी?’ बरोबर आहे तिचं. तिथे भाजीवाला तिला नावानं ओळखतो. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन, बीपीच्या गोळ्या, बँकेची कामं, गेल्या पावसाळ्यात बाथरूममध्ये घसरून दुखावलेला गुडघा... फोनवर ‘मी बरी आहे गं’ म्हणते तेव्हा ती खरंच बरी आहे की नाही, हे घरात पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही. स्वयंपाकघरात गेलं की दोन मिनिटांत कळतं. डबे घासलेले आहेत का, दूध किती दिवसांचं आहे, गोळ्यांच्या पाकिटातल्या किती फुटल्यात.

आमच्याकडे गाडी आहे. अंधेरी ते नाशिक रोड साधारण पावणेदोनशे किलोमीटर. कागदावर तीन-साडेतीन तास. नवऱ्याला गाडी चालवायची हौस आहे आणि माझ्या आईचं त्याला प्रेमही आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक कराल! पण ‘या शनिवारी काढू गाडी’ म्हणजे काय काय जुळून यावं लागतं ते बघा. त्याला शनिवारी सुट्टी हवी. शुक्रवारी रात्री तो दमलेला नको. लेकीचा क्लास नको, धाकट्याची युनिट टेस्ट नको. गाडीचं सर्व्हिसिंग आलेलं नको. पाऊस फार नको, जोडून सुट्टी आली असेल तर तीही नको, कारण मग सगळी मुंबई रस्त्यावर असते. एवढं सगळं जुळलं की आम्ही सहाला निघायचं ठरवून आठला निघणार!

मी किराणामालाची डायरी ठेवते. त्यात मागे सहज पाहिलं तर एका वर्षात आम्ही नाशिकला पाच वेळा गेलो होतो. पाच. त्यातली एक दिवाळी आणि एक लग्न. दर वेळी कुणीही ‘नको जाऊस’ म्हटलेलं नव्हतं. फक्त ‘पुढच्या शनिवारी’ म्हटलेलं होतं.

त्यानंतर मी पंचवटी पकडायला लागले. पंचवटी एक्स्प्रेस म्हणजे नाशिककरांची लाडकी. सकाळी मनमाडहून निघून मुंबईला येते, संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून परत निघते. शुक्रवारी ऑफिसातून मी तासभर लवकर सुटते, त्याबदल्यात बुधवारी उशिरापर्यंत बसते. चकाल्याला मेट्रो, घाटकोपरला लोकल, आणि ठाण्याला पावणेसातच्या सुमाराला पंचवटी. रात्री दहाच्या आत-बाहेर नाशिक रोड. आईचं घर स्टेशनपासून रिक्षाने पाच मिनिटांवर. ती जागी असते आणि पिठलं गरम असतं.

पहिल्यांदा निघाले तेव्हा घरात वादळ झालं नाही, पण आश्चर्य झालं. ‘गाडी दारात असताना ट्रेनने? लोक काय म्हणतील?’ हे सासूबाईंनी विचारलं. नवरा म्हणाला, ‘मी सोडतो ना पुढच्या शनिवारी.’ मी म्हटलं, ‘पुढच्या शनिवारी पण जाऊ. ह्या शुक्रवारी मी जाते.’ आता पंधरा-वीस दिवसांतून एकदा माझी फेरी असते. कधी एकटी, कधी लेक बरोबर. लेक नववीत आहे. गाडीत ती कानात इअरफोन घालून मागच्या सीटवर आडवी होते. ट्रेनमध्ये समोरासमोर बसलं की गप्पा होतात. शाळेतल्या ज्या गोष्टी घरी कधी कळल्या नसत्या, त्या मला कसारा घाटात कळल्या आहेत.

हा घाटही बघण्यासारखा आहे. १८६५ मध्ये इथून रेल्वे सुरू झाली, चढ इतका की सदतीस फुटांना एक फूट. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून आणखी इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. पावसाळ्यात खिडकीशी बसलं की धबधबे अक्षरशः अंगावर येतात. मोटारीतूनही दिसतात म्हणा. पण ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला काही दिसत नाही, आणि शेजारी बसलेलीनं ‘अय्या, ते बघा!’ म्हटलं की ‘गप्प बस, ट्रक आहे पुढे’ हे उत्तर ठरलेलं.

आता पैशांचं बोलू, कारण तुम्ही मनातल्या मनात हिशेब मांडायला लागला असाल. येऊन-जाऊन साडेतीनशे किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा देते असं धरलं, पेट्रोल शंभर रुपये धरलं, तर तेवीसशेच्या पुढे. वर टोल, वर वाटेतलं खाणं. रेल्वेचं सेकंड सीटिंगचं तिकीट माणशी शंभर-सव्वाशेच्या घरात. एकटीनं जायचं तर तुलनाच नको! चौघं गेलो तरी हजाराच्या आसपास येणं-जाणं होतं. पण चौघांनी एसी चेअर कारनं जायचं म्हटलं, अंधेरीतली रिक्षा, मेट्रो, लोकल धरली, तर मोटारीइतकाच खर्च येतो, थोडा जास्तसुद्धा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट ही समजूतही जुनी झाली. एप्रिल २०१६ पासून आरक्षणात मुलाला वेगळी जागा हवी असेल तर पूर्ण भाडं लागतं. आणि ज्येष्ठांची सवलत? बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून तिकीट अर्धं मिळायचं, ते २० मार्च २०२० ला करोनाच्या दिवसांत थांबलं. आईला त्याचा अजून राग आहे. ‘पैशाचा प्रश्न नाही गं, मान होता तो,’ म्हणते.

तिला मी सांगते, मग एसटीने ये. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, साध्या लाल गाडीपासून शिवनेरीपर्यंत. पंचाहत्तरी ओलांडली की फुकट. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तालुक्याच्या स्टॅण्डवर आता बायकांची जी गर्दी दिसते ना, ती काही नुसती बाजाराला निघालेली नाही. त्यात कितीतरी जणी आईला, बहिणीला भेटायला निघालेल्या असतात. अर्ध्या तिकिटानं किती माहेरं जवळ आली याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा.

आणि आता ज्या विषयावर बायका आपसातच बोलतात तो. मोटारीनं लांब जायचं म्हटलं की आपण काय करतो? सकाळपासून पाणी पीत नाही! खरं सांगा, करता की नाही? हायवेवर हॉटेलं पुष्कळ झाली, पण बाथरूम कसं असेल याची खात्री नाही. पुरुष काय, गाडी बाजूला घेतली की झालं. आपण ‘पुढच्या ढाब्यावर बघू’ करत तीन तास कळ काढतो, मग घरी आल्यावर जळजळ नि औषधं. मुंबईत २०११ मध्ये याच प्रश्नावर बायकांच्या संस्थांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी केली होती, तेव्हा काहीजण नाव ऐकून हसले होते. ट्रेनमधलं टॉयलेट स्वच्छच असतं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण ते आहे, डब्याच्या टोकाला आहे, आणि त्यासाठी कुणाला ‘अहो, जरा थांबवता का?’ असं विचारावं लागत नाही. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, साठीनंतर या एका गोष्टीवरून मी ट्रेनला शंभरपैकी शंभर मार्क देते.

मोटारीत आणखी एक पाहा. मागची सीट ही आपली जागा. तिथे बसून आपण मांडीवर पोर, पायाशी पिशव्या, हातात सोललेलं संत्रं असा संसार चालवतो, आणि पट्टा? तो सीटच्या फटीत गेलेला. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघरजवळ अहमदाबाद महामार्गावर अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मोटारीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा झाला. पोलीस पकडोत न पकडोत, मागे बसणाऱ्या बाईनं आधी आपला आणि मग पोराचा पट्टा लावल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, एवढा हट्ट तरी करा. संत्रं थांबून खाता येतं.

मोटारीची बाजू घेतली नाही तर माझ्या घरी मला जेवण मिळणार नाही! शिवाय ती खरोखर मजबूत आहे. आईचा गुडघा दुखावला तेव्हा तिला डॉक्टरांकडे, एक्स-रेला, परत घरी असं फिरवायला गाडीच हवी होती, आणि त्या वेळी नवऱ्यानं मध्यरात्री गाडी काढली होती. तान्हं मूल बरोबर असेल, सामान असेल, उतरल्यावर पुढे आडगावात जायचं असेल तर ट्रेनचा हट्ट धरू नये. जव्हारला जायचंय? रेल्वे नाहीच, मोटार नाहीतर एसटी. अलिबागलाही रेल्वेने जाता येत नाही. तिथे मात्र एक मजा आहे. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जी रो-रो बोट जाते, तिच्यात मोटार चढवता येते. गाडी पण काढायची आणि बोट पण पकडायची!

आणि रस्तेही सुधारलेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. कसारा घाटाची वळणं टाळून बोगद्यातून सुळ्ळकन इगतपुरी. त्या दिवशी आमच्या घरात नवऱ्याचा चेहरा असा होता की जणू त्यानेच तो बांधला! मी फक्त एवढंच विचारलं, ‘आमण्यापर्यंत कोण पोचवणार?’ आमणे भिवंडीजवळ. अंधेरीतून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मग ठाणं, मग माजिवडा, मग भिवंडीचे कंटेनर. आमचा अर्धा वेळ या पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये जातो. मुलुंडला माझी मैत्रीण राहते, तिला हे दुखणं नाही. इमारतीतून निघाली की दहा मिनिटांत हायवेवर. ती स्वतः गाडी चालवते, दोन्ही मुलींना घेऊन एकटी अलिबागला जाते, आणि तिच्या बाबतीत माझे सगळे मुद्दे लंगडे पडतात. ज्या बाईच्या हातात किल्ली आहे, तिला ‘पुढच्या शनिवारी’ ऐकावं लागत नाही. लायसन्स माझ्याकडेही आहे. मरोळच्या भाजीबाजारापर्यंत मी जातेच. पण भिवंडीच्या कंटेनरांच्या मधोमध... बघू.

पुण्या-लोणावळ्याचं सांगायचं तर तिथे मी पक्की ट्रेनवाली. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता रेल्वेला कोण विचारणार? १ एप्रिल २०२३ ला मोटारीचा टोल एका बाजूला ३२० रुपये झाला, आणि जोडून सुट्टी आली की खंडाळ्याच्या घाटातल्या रांगांचे फोटो वर्षानुवर्षं पेपरात येत राहिले. डेक्कन क्वीन तर मुळात शनिवार-रविवारचीच गाडी! १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा ती फक्त वीकेण्डला धावायची, पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या मुंबईच्या बड्या लोकांसाठी. थर्ड क्लासचे डबे तिला जोडले जून १९५५ मध्ये, म्हणजे आपल्यासारख्यांना आत शिरायला पंचवीस वर्षं लागली.

माथेरानला तर सगळे सारखे. कितीही महागाची मोटार असो, दस्तुरी नाक्याला ठेवायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने. नेरळहून निघणारी ही छोटी गाडी १९०७ ची. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा नेरळपासून धावायला लागली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, तेवढं बघून जा.

आणि अंधेरीकरांचं खास गुपित म्हणजे डहाणूची लोकल. १६ एप्रिल २०१३ ला लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत गेली. काही चर्चगेटहून थेट येतात, बाकीच्यांना विरारला बदलायचं. पूल नाही, आरक्षण नाही, साध्या तिकिटात केळवे रोडला उतरायचं, रिक्षाने समुद्रावर, शितळादेवीला नमस्कार, दुपारी घरगुती जेवण, संध्याकाळी चिकू घेऊन परत. बायकांच्या डब्यात बसून जाता येतं हे सगळ्यात मोठं. आम्हा उपनगरातल्या बायकांचं त्या डब्याशी नातं जुनं आहे. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली, तेव्हापासून हळदीकुंकू, डोहाळजेवण, भाजी निवडणं सगळं आम्ही रुळांवर केलंय. आठवडाभर जिथे लोंबकळून जायचं, तिथे रविवारी खिडकी मिळते, हेच एक सुख!

फक्त रविवारची एक पाचर विसरू नका. मेगाब्लॉक! शनिवारच्या पेपरात एका चौकोनात छापून येतं, कुठल्या मार्गावर किती ते किती. दुपारच्या त्या चार-पाच तासांत लोकलचा भरवसा धरला की स्टेशनवरच पिकनिक होते. मी तो चौकोन कापून फ्रिजला लावते.

कोकणातल्या मैत्रिणींना वेगळं काय सांगू? २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली आणि मुंबई-गोवा रस्त्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू होऊन आमच्या डोळ्यांसमोर वर्षांमागून वर्षं रेंगाळलं. मन ट्रेनकडे धावतं, पण तिकीट कुठे मिळतं? १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशे वीस होतं. माझी जाऊ कणकवलीची. सणाच्या तिकिटासाठी सकाळी आठला तीन मोबाइल घेऊन बसते, एक तिचा, एक दिरांचा, एक सासूबाईंचा. तिच्यासारखीला वाट पाहण्याचे पेशन्स आहेत. अचानक जायचं झालं तर मात्र कोकणात मोटार किंवा रात्रीची बस, दुसरा इलाज नाही.

एकटीनं जाताना भीती वाटत नाही का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. वाटते ना! रात्री ठाण्याचा पूल सुनसान असेल तर चाल आपोआप वाढते. म्हणून मी काही गोष्टी ठरवून टाकल्यात. परतीची गाडी शक्यतो रविवारी संध्याकाळची तपोवन, म्हणजे फार उशीर होत नाही. लोकलमध्ये रात्री बायकांच्याच डब्यात, जिथे पोलीस बसलेला असतो. डबा नंबर, सीट नंबर घरी कळवलेला. रेल्वेचा १३९ नंबर मोबाइलमध्ये. सोनं घरी. आणि बॅग एकच, आपल्या आपण उचलता येईल एवढीच. ही शेवटची अट सगळ्यात अवघड, कारण जाताना रिकामी असलेली बॅग येताना आई भरते. द्राक्षं, चिवडा, मेथीची जुडी! मेथी अंधेरीत मिळते हे तिला पटत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मी ठरवली नव्हती. मी ट्रेनने येते-जाते हे बघून आईनेच एक दिवस फोन केला, ‘मी पण येऊन बघू का गं?’ वडील असताना ती कधी एकटी नाशिक रोडच्या बाहेर पडली नव्हती. शेजारच्या मुलाने सकाळी सातच्या पंचवटीत बसवून दिलं, मी ठाण्याला फलाटावर उभी. उतरली ती हातात पिशवी आणि डब्यातल्या तीन बायकांचे फोन नंबर घेऊन! पासवाल्या होत्या म्हणे, रोज ये-जा करतात, त्यांनी हिला खिडकी दिली, चहा पाजला. मेट्रोत तिने हात धरू दिला नाही.

त्यानंतर ती चारदा आली. आता म्हणते, आठवडाभर राहीन, पण परतीचं तिकीट आधी हातात दे.

पुढच्या महिन्यात धाकट्याचा वाढदिवस आहे. आईचं तिकीट काढलंय, वेटिंग लिस्ट सात आहे. नाहीच झालं कन्फर्म तर मी गाडी काढून घेऊन येतो, असं नवऱ्याने आपणहून सांगून ठेवलंय. आईला हे कळवलं तर म्हणाली, ‘कशाला त्याला त्रास? बायकांचा डबा असतो की.’